पाय कुणाचे जातात?

रात्री पायाच्या ठणक्याने जाग येते. तळपाय आणि बोटं जळत असतात. माणूस उठून बसतो, पाय पलंगाखाली सोडतो आणि थोड्या वेळात ठणका उतरतो. पुढे पुढे काहीजण खुर्चीत बसूनच रात्र काढू लागतात. घरच्यांना वाटतं वात आहे. मग तेल चोळलं जातं, गरम पाण्याच्या पिशवीने शेक दिला जातो. असा शेक घातक ठरू शकतो, कारण रक्त न मिळणारी कातडी लगेच भाजते आणि भाजलेली जागा भरून येत नाही. खरं तर पाय खाली सोडल्यावर बरं वाटणं हीच आजाराची सर्वांत बोलकी खूण आहे. आडव्या पायाच्या टोकापर्यंत रक्त स्वतःच्या जोरावर पोचत नाही आणि पाय खाली सोडला की गुरुत्वाकर्षण त्याला थोडा हात देतं.

पायाच्या रोहिण्यांच्या, म्हणजे हृदयाकडून पायांना शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिन्यांच्या, आजाराचा हा गंभीर टप्पा आहे. वाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर चरबी आणि चुन्याचा थर साचतो, वाट अरुंद होते, काही ठिकाणी पूर्ण बुजते. कालव्याला पाणी कमी सुटलं की पहिली झळ टेलच्या शेताला बसते, तशी इथे पहिली झळ बोटांना आणि टाचेला बसते. रक्ताच्या कमतरतेमुळे पायाला आराम असतानाही दुखत असेल, किंवा पायावरची जखम भरत नसेल, किंवा बोट काळं पडलं असेल, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त काळ चाललं असेल, तर पाय धोक्यात आहे असं जगभरच्या रक्तवाहिनी-शल्यचिकित्सकांनी 2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ठरवलं आहे.

हा आजार किती जणांना होतो, कुणाला होतो, कुठे जास्त होतो आणि कशाने कमी होतो, हे साथरोगशास्त्राचे प्रश्न. पायाच्या बाबतीत त्यांची उत्तरं मिळवणं हृदयविकारापेक्षा अवघड गेलं. हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा तारीख आणि वेळ सांगता येते. पायाची रोहिणी मात्र दहा-वीस वर्षं हळूहळू बुजत जाते आणि त्यातली बरीच वर्षं माणसाला काहीच जाणवत नाही.

आधीच्या संशोधकांनी रुग्णांना विचारून मोजणी करायचा प्रयत्न केला. 1962 मध्ये ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी एक प्रश्नावली तयार केली. चालताना पोटरीत दुखतं का, थांबल्यावर दहा मिनिटांत थांबतं का, चढावर जास्त होतं का, असे तिचे प्रश्न होते. पोटरीत गोळा येणं आणि थांबलं की तो जाणं हे या आजाराचं ग्रंथात दिलेलं लक्षण. पण 1985 मध्ये कॅलिफोर्नियात मायकेल क्रिकी आणि सहकाऱ्यांनी सरासरी 66 वर्षं वयाच्या 613 स्त्री-पुरुषांच्या पायांचा रक्तप्रवाह उपकरणांनी तपासला. मोठ्या रोहिण्यांचा आजार 11.7 टक्के लोकांत सापडला. प्रश्नावलीत बसणारं पोटरीचं दुखणं होतं ते फक्त 2 टक्क्यांच्या आसपास लोकांना. तक्रारीवर विसंबून केलेली मोजणी आजाराचा मोठा भाग गाळत होती.

तपासणीचं साधन मात्र अगदी साधं आहे. दंडाचा रक्तदाब घ्यायचा, घोट्याचा रक्तदाब घ्यायचा आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. डॉक्टर त्याला एबीआय म्हणतात. निरोगी माणसात उत्तर 1 च्या आसपास किंवा थोडं वर येतं. 0.9 किंवा त्याहून कमी आलं तर पायाच्या रोहिण्यांत अडथळा आहे. रक्तदाबाचा पट्टा आणि रक्तप्रवाह टिपणारं, हातात धरायचं छोटं डॉप्लर यंत्र एवढंच लागतं. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, उपाशी राहणं नाही. एक अडचण मात्र आहे. अनेक वर्षांचा मधुमेह असलेल्यांच्या आणि डायलिसिसवर असलेल्यांच्या रोहिण्यांत चुना बसून त्या इतक्या कडक होतात की पट्टा त्यांना दाबूच शकत नाही. मग आकडा 1.4 च्याही वर जातो आणि वरवर पाहणाऱ्याला पाय ठणठणीत वाटतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब घ्यावा लागतो. ज्यांना धोका सर्वांत जास्त, त्यांच्याच बाबतीत ही तपासणी फसू शकते, हे डॉक्टरांइतकंच रुग्णांनीही लक्षात ठेवायला हवं.

एबीआयच्या आधारे केलेले जगभरचे अभ्यास एकत्र करून 2013 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक अंदाज मांडला गेला: 2010 साली जगात 20 कोटी 20 लाख लोकांना पायाच्या रोहिण्यांचा आजार होता. त्याआधीच्या दहा वर्षांत ही संख्या सुमारे 23 टक्क्यांनी वाढली होती. 2015 सालासाठीचा नंतरचा अंदाज 23 कोटी 60 लाखांच्या पुढे गेला. पायाच्या रोहिण्या बुजणं हा श्रीमंत देशांतल्या म्हाताऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार मानला जायचा. प्रत्यक्षात या रुग्णांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात आणि तिथे बायकांमधलं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी नाही.

हे झाले सगळे रुग्ण. पाय गमावण्याच्या उंबरठ्यावर असलेले त्यातले किती? युरोप-अमेरिकेच्या तज्ज्ञांनी 2007 मध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला 500 ते 1000 नवे रुग्ण असा अंदाज दिला. अमेरिकेतल्या विमाधारकांच्या नोंदी तपासणाऱ्या 2014 च्या अभ्यासात चाळिशीपुढच्या लोकांत पायाच्या रोहिण्यांचा आजार 10.7 टक्क्यांना होता, तर गंभीर टप्पा 1.3 टक्क्यांना. म्हणजे ढोबळमानाने आठ रुग्णांमागे एक.

इथे कुणालाही वाटेल की आजार पायरी-पायरीने चढत जात असणार: आधी काहीच नाही, मग चालताना पोटरी दुखते, मग रात्रीचा ठणका, मग जखम, मग गँगरीन. फ्रेंच डॉक्टर रेने फोंतेन यांनी 1954 मध्ये या आजाराचे टप्पे नेमके याच क्रमाने लावले आणि ते आजही शिकवले जातात. पण हजारो रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला तेव्हा दिसलं की बहुतेक लोक या क्रमाने जातच नाहीत. चालताना पोटरी दुखणाऱ्यांपैकी पाच वर्षांत मोठी शस्त्रक्रिया होऊन पाय गमवावा लागतो तो शंभरात एक ते तिघांना. बाकीच्यांचं दुखणं तसंच राहतं किंवा चालण्याच्या व्यायामाने कमीही होतं. त्यांना खरा धोका हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा असतो, कारण जो थर पायात साचतो तोच हृदयाच्या आणि मेंदूच्या वाहिन्यांतही साचत असतो.

उलट ज्यांचा पाय काळा पडतो त्यांतल्या अनेकांना आधी पोटरीत गोळा आलेलाच नसतो. याची दोन कारणं आहेत. गुडघेदुखी, दम किंवा वयामुळे काही माणसं इतकी कमी चालतात की दुखण्यापर्यंत वेळच येत नाही. दुसरं कारण मधुमेह. मधुमेहाने नसांवर परिणाम होऊन पाय बधिर होतो. रक्त कमी पडलं तरी दुखत नाही, चपलेचा अंगठा लागला तरी कळत नाही, खडा रुतला तरी कळत नाही. कुरूप घरच्या ब्लेडने कापताना जखम झाली तरी माणूस तसाच कामावर जातो. एवढीशी जखम सांभाळायला जितकं रक्त लागतं तितकं त्या पायात नसतं. तिला जंतुसंसर्ग होतो आणि एकही तक्रार न केलेला पाय पंधरा दिवसांत कापायच्या अवस्थेला येतो. नातेवाईक म्हणतात, साध्या जखमेचं निमित्त झालं. ते बरोबरच बोलतात. आजार आधीपासून होता, पण तो सांगणारी वेदनाच हिरावली गेली होती.

धोक्याच्या कारणांत तंबाखूचा धूर आणि मधुमेह ही दोन सर्वांत मोठी. वय, उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडाचा आजार त्यांच्यामागे उभे असतात. तंबाखू आणि मधुमेह यांची मोडतोड करायची जागा सहसा वेगळी असते. धूम्रपानाने जांघेतल्या आणि मांडीतल्या मोठ्या वाहिन्या बुजतात. मधुमेह गुडघ्याखालच्या, पेन्सिलीहूनही बारीक वाहिन्यांवर जास्त घाव घालतो, आणि तिथे फुग्याने वाहिनी उघडणं किंवा बायपास करणं अधिक कठीण असतं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, एक टक्क्याने वाढला की पायाच्या रोहिण्यांच्या आजाराचा धोका सुमारे 28 टक्क्यांनी वाढतो, असा अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणाचा निष्कर्ष आहे.

भारतात हे थेट घरात येतं. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांपैकी 11.4 टक्के. चेन्नईत डॉ. व्ही. मोहन यांच्या चमूने शहरी वस्त्यांत केलेल्या आणि 2000 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात मधुमेह नसलेल्यांपैकी 2.7 टक्के लोकांना पायाच्या रोहिण्यांचा आजार होता, तर मधुमेहींत 6.3 टक्क्यांना. पाश्चात्त्य आकड्यांपेक्षा हे प्रमाण कमी आहे. त्याचं एक मोठं कारण म्हणजे आपले मधुमेही वयाने तरुण आहेत. पण मधुमेह तिशी-पस्तिशीत सुरू झाला की साठीला पोचेपर्यंत पायाला पंचवीस-तीस वर्षांची साखर झेलावी लागते. आजचा कमी आकडा पाहून निर्धास्त होणं मला धोक्याचं वाटतं.

तंबाखूचा आपल्याकडचा आणखी एक चेहरा आहे. 1908 मध्ये न्यू यॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात लिओ बर्गर यांनी कापलेल्या पायांच्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासून एका वेगळ्या आजाराचं वर्णन केलं. त्यात चरबीचा थर नसतो. बारीक आणि मध्यम वाहिन्यांना दाह होतो, आत गुठळ्या होतात आणि बोटं झडू लागतात. रुग्ण बहुतेक वेळा पंचेचाळिशीच्या आतला पुरुष असतो आणि तंबाखू हे त्याचं इंधन असतं. बर्गरचा आजार पश्चिम युरोपात फार थोडा राहिला आहे. भारत, मध्यपूर्व आणि पूर्व आशियात तो अजून भेटतो, आणि आपल्याकडे तो विडी ओढणाऱ्या कष्टकरी माणसांत जास्त दिसतो. घरातला कमावता हात चाळिशीतच थांबतो, म्हणून एकेका रुग्णामागे अख्खं कुटुंब कोसळतं.

बर्गरच्या आजारावर औषधांचे फार मोठे दावे करता येत नाहीत, पण एका उपायाचा परिणाम ठसठशीत आहे. क्लीव्हलँड क्लिनिकच्या 1990 मधल्या अहवालात तंबाखू पूर्ण सोडलेल्यांपैकी 94 टक्के लोकांना काहीही कापून काढावं लागलं नाही, तर सुरू ठेवणाऱ्यांपैकी 43 टक्क्यांना कापून घ्यावं लागलं. पूर्ण सोडणं म्हणजे विडी टाकून तंबाखू मळायला घेणं नव्हे, कारण चघळण्याचा तंबाखूही हा आजार जिवंत ठेवतो. महाराष्ट्रात हे सांगणं फार गरजेचं आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले 4 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर 24.4 टक्के तंबाखू खाणारे किंवा मिश्री लावणारे. आपण धुराविरुद्ध जितकं बोलतो तितकं मिश्रीविरुद्ध बोलत नाही.

कारण सापडलं आणि ते दूर केलं की पाय वाचतात, याचा आणखी मोठा दाखला तैवानच्या नैऋत्य किनाऱ्यावर आहे. बेमेन, श्वेजिया, बुदाई, यिजू ही तिथली मिठागरांची आणि मासेमारीची गावं. उथळ विहिरींचं पाणी खारट, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत लोकांनी शंभर-दोनशे मीटर खोल नळविहिरी खोदल्या. गोड पाणी मिळालं. काही वर्षांनी गावात लोकांची पायाची बोटं थंड आणि काळी पडू लागली, असह्य वेदना होऊ लागल्या, पाय आपोआप गळू लागले. लोक त्याला काळ्या पायाचा आजार म्हणू लागले. दैवाचा कोप समजून कितीतरी रुग्ण घरात लपवले गेले.

1960 च्या दशकात डॉ. त्सेंग वेन-पिंग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या 37 गावांतल्या 40,421 माणसांची तपासणी केली. काळा पाय दर हजारी 8.9 जणांना होता. मग त्यांनी आजाराचा नकाशा पाण्याच्या नकाशावर ठेवला. खोल विहिरींच्या पाण्यात निसर्गतःच आर्सेनिक होतं, आणि ज्या गावच्या पाण्यात ते जास्त, तिथे काळे पायही जास्त. एकाच घरात अनेकांना आजार होई, पण त्याचं कारण रक्ताचं नातं नसून एकच विहीर हे होतं. बेमेनमध्ये डॉ. वांग जिन-हे यांनी 1960 पासून मिशनच्या मदतीने या रुग्णांवर मोफत उपचार केले, ज्यांना कुठेच जायची सोय नव्हती अशांवर. दरम्यान सरकारने नळाचं पाणी गावोगाव पोचवायला सुरुवात केली होती. पाणी बदललं आणि नवे रुग्ण वर्षागणिक घटत जवळजवळ संपले.

या कहाणीत एक गुंतागुंत आहे, ती लपवू नये. बांगलादेशासह जगात इतरत्रही पाण्यात आर्सेनिक आहे, पण काळ्या पायाचा एवढा भीषण आजार तिथे दिसलेला नाही. म्हणून त्या पाण्यातले इतर घटक आणि त्या गावांतलं कुपोषण यांचाही वाटा असावा, असं अनेक संशोधक मानतात. पण पाण्याचा दोष आहे हे कळायला आणि पाणी बदलायला ते कोडं पूर्ण सुटण्याची वाट पाहावी लागली नाही. लोकसंख्येकडे पाहून रोगाचा शोध घेण्याची ताकद मला याहून स्पष्ट कुठे दिसलेली नाही.

पाय वाचवण्याची गोष्ट फक्त पायापुरती नाही. गंभीर टप्प्यावर पोचलेल्या शंभर रुग्णांचं एका वर्षात काय होतं याचा 2007 मधला अंदाज असा: पंचवीस जण दगावलेले, तीस जणांचा पाय गेलेला आणि दोन्ही पायांवर जिवंत असलेले पंचेचाळीस. उपचार सुधारल्याने नंतरचे आकडे थोडे बरे आहेत. पण मधुमेहामुळे पायाचा मोठा भाग कापावा लागलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त, सुमारे 57 टक्के, पाच वर्षांत मरण पावतात, असं 2020 च्या एका आढाव्यात आहे. सर्व प्रकारच्या कर्करोगांचा मिळून पाच वर्षांतला मृत्यूचा आकडा त्याच आढाव्यात 31 टक्के आहे. कर्करोग म्हटल्यावर घर हादरतं. काळ्या बोटाला मात्र आपण महिनाभर मलम लावत बसतो.

आणि सगळ्यांचे पाय सारख्या प्रमाणात जात नाहीत. अमेरिकेत कृष्णवर्णीयांचे पाय कापले जाण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त आहे, आणि मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले गरीब जिल्हे या नकाशावर ठळक दिसतात. अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी विम्याच्या 2000 ते 2010 च्या नोंदींवरून आढळलं की पाय कापला गेलेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांची त्याआधीच्या वर्षभरात रोहिण्यांची एकही तपासणी झालेली नव्हती. अडथळा कुठे आहे, तो उघडता येईल का, हे न पाहताच पाय गेले. जगातल्या सर्वांत खर्चिक आरोग्यव्यवस्थेत हे घडतं, तर तालुक्याच्या गावी डॉप्लरच नसलेल्या आपल्या रुग्णाचं काय होत असेल याचा विचार करावा.

उलट उदाहरण इंग्लंडच्या इप्सविच शहराचं आहे. तिथे मधुमेहतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, पायांची निगा राखणारे तज्ज्ञ आणि परिचारिका यांचा एक चमू बनवला गेला, आणि शहरात मधुमेहामुळे कापल्या गेलेल्या प्रत्येक पायाची नोंद ठेवून त्यावर चर्चा होऊ लागली. 1995 ते 2005 या काळात तिथे मधुमेहींमधल्या पायाचा मोठा भाग कापण्याच्या शस्त्रक्रिया 82 टक्क्यांनी घटल्या. त्यासाठी कोणतं नवं औषध किंवा यंत्र आलं नव्हतं. जखम दिसल्याबरोबर ती योग्य माणसापर्यंत पोचत होती, आणि पाय गेला तर का गेला याचा जाब स्वतःला विचारला जात होता.

निरोगी वाटणाऱ्या प्रत्येकाची एबीआय करावी का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि सरसकट तपासणीचा फायदा अजून पुरेसा सिद्ध झालेला नाही. पण ज्याला मधुमेह आहे आणि पायावर जखम आहे, किंवा ज्याची जखम दोन आठवड्यांत भरत नाही, किंवा जो रात्री पाय खाली सोडून बसतो, त्याच्या पायाचा रक्तप्रवाह मोजलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. अशा रुग्णाने डॉक्टरांना स्पष्ट विचारावं, माझ्या घोट्याचा आणि अंगठ्याचा रक्तदाब किती आहे? बोट किंवा पाय कापायचा सल्ला मिळाला, तर आधी रोहिण्यांची तपासणी झाली का, एवढं नातेवाइकांनी विचारावं. आणि जिल्हा रुग्णालयांनी आपल्या जिल्ह्यात दरवर्षी किती पाय कापले जातात, कुणाचे आणि कोणत्या कारणाने, याची नोंद ठेवून ती लोकांसमोर मांडावी. मोजायला सुरुवात केली, तरच पाय वाचवायला सुरुवात होईल.